इंदूरची पेन्शन : मिलवाले, बँकवाले आणि बाकीचे

आज जरा मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा. विषय पैशाचा आहे. आपल्या मराठी घरांत पैशाबद्दल मोकळेपणानं बोलत नाहीत, पण लग्न जमवताना पहिला प्रश्न तोच असायचा. इंदूरमध्ये तो प्रश्न "पगार किती?" असा नसे. "पेन्शनेबल आहे ना?" असा असे. रामबागेत, लोकमान्य नगरात मुलगी बघायला जाणाऱ्या मुलाचे अर्धे मार्क या एका शब्दावर ठरत.

हा शब्द आपल्याकडे होळकरशाहीतून आला. माझे आजोबा होळकर दरबारच्या महसुलात कारकून होते. पगार बेताचा, पण निवृत्तीनंतर खजिन्यातून महिन्याच्या महिन्याला काही ना काही यायचं. २८ मे १९४८ ला मध्य भारत झाला. आपल्या पेन्शनचं काय होणार, या काळजीनं म्हातारे महिनाभर झोपले नाहीत, असं आजी सांगायची. पेन्शन चालू राहिली. राज्य गेलं, राजा गेला, पण कागदावरचं देणं नव्या सरकारनं पत्करलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला, तेव्हाही तसंच. आमच्या घरात "सरकारी" म्हणजे काय, तर सरकार बदललं तरी देणं बदलत नाही ते, अशी पक्की समजूत झाली.

त्याच शहरात, आमच्या घरापासून सायकलनं वीस मिनिटांवर, दुसरं जग होतं. मिलचं. मालवा मिल, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी. भोंग्यावर शहर उठायचं. नंदानगर, परदेशीपुरा, पाटनीपुरा इथली वस्तीच्या वस्ती मिलवर चालायची. आणि तो काही गरीब, बिचारा कामगार नव्हता बरं का! माझ्या लहानपणी आमच्या वाड्यातल्या शाळामास्तरांपेक्षा समोरच्या जॉबरकाकांच्या हातात जास्त पैसा असायचा. दिवाळीला बोनस मिळाला की सराफ्यात गर्दी मिलवाल्यांची. अनंत चतुर्दशीच्या झांक्या त्यांच्याच. संघटना इतकी मजबूत की १९६२ ला होमी दाजींसारखा कामगारांचा माणूस इंदूरहून लोकसभेवर निवडून गेला. मास्तरांची बायको जॉबरकाकूंकडून उसने पैसे नेत असे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

फरक होता तो साठीनंतरचा. मास्तरांना पेन्शन होती. जॉबरकाकांना प्रॉव्हिडंट फंड होता. १९५२ चा पीएफ कायदा सुरुवातीला सहाच उद्योगांना लागू झाला, त्यात कापड गिरण्या होत्या. म्हणजे मिलवाले त्या काळी नशीबवानच. पण पीएफ म्हणजे एकरकमी पैसा. तो मुलीच्या लग्नात जातो, घराच्या छपरात जातो. महिन्याला येत नाही. १९७१ ला खासगी क्षेत्रासाठी कुटुंब पेन्शन योजना आली, ती कामगार नोकरीत असताना वारला तर त्याच्या घरच्यांसाठी. जिवंत म्हाताऱ्याला त्यातून पेन्शन नव्हती. हा शब्दखेळ नाही, तसाच नियम होता.

आता बँकवाल्यांचं सांगतो, कारण तो माझा प्रांत. पुष्कळांना वाटतं, बँकवाले पहिल्यापासून गलेलठ्ठ पगाराचे आणि पेन्शनचे. साफ चूक. स्वातंत्र्याच्या वेळी बँका खासगी होत्या आणि कारकुनाला शेठजी देईल तो पगार. त्यावरून इतके तंटे झाले की न्यायाधिकरणांमागून न्यायाधिकरणं नेमावी लागली. १९५० चा सेन निवाडा सुप्रीम कोर्टानं पुढच्याच वर्षी रद्द ठरवला. मग १९५३ चा शास्त्री निवाडा आला. त्यात बँकांचे वर्ग आणि गावांचेही वर्ग. म्हणजे मुंबईच्या कारकुनाला एक पगार, लहान गावातल्याला दुसरा. त्यावर अपील झालं, आणि अपिलाच्या निकालात सरकारनं १९५४ ला स्वतःच काटछाट केली. तेव्हा केंद्रात मजूरमंत्री होते व्ही. व्ही. गिरी. त्यांनी या एका मुद्द्यावर राजीनामा दिला. पुढे राष्ट्रपती झाले ते हेच. बँक कारकुनांच्या पगारासाठी मंत्रिपद सोडणारा माणूस, आज कुणाला खरं वाटेल?

मग आयोग नेमला तो न्यायमूर्ती राजाध्यक्षांचा. ते मध्येच वारले, आणि काम पुरं केलं न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, १९५५ मध्ये. दोघेही आपले मराठी. त्यानंतर १९६२ चा देसाई निवाडा, आणि १९ ऑक्टोबर १९६६ चा पहिला द्विपक्षीय करार. यात सरकारची मेहरबानी कुठेही नाही. सगळं भांडून मिळवलेलं, तेही बँका खासगी असताना. राष्ट्रीयीकरण नंतरचं, १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं.

मी बी.कॉम. झालो आणि १९७२ ला कारकून म्हणून लागलो. महागाई भत्त्यासकट तीनशेच्या वर काहीतरी हातात यायचं. आई खूष, पण मामांनी तोंड वाकडं केलं. "पेन्शन कुठंय?" खरंच नव्हती. पीएफ आणि ग्रॅच्युइटी, बस्स. म्हणजे पेन्शनच्या बाबतीत बँकवाला आणि मिलवाला एकाच रांगेत होते, आणि मास्तर दोघांच्या पुढे. १९७४ ला महागाई भडकली तेव्हा सरकारनं कायदा करून वाढीव भत्त्यातला अर्धा भाग सक्तीनं ठेवीत टाकला. तोही बँकवाल्याला आणि मिलवाल्याला सारखाच लागला.

१९८२ च्या १७ डिसेंबरला सुप्रीम कोर्टानं नकारा खटल्याचा निकाल दिला. पेन्शन ही भीक नाही, मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नाही, केलेल्या नोकरीचा तो हक्क आहे, असं कोर्टानं सांगितलं. अमुक तारखेआधी निवृत्त झाला म्हणून कमी आणि नंतर झाला म्हणून जास्त, असा भेद त्या प्रकरणात कोर्टानं चालू दिला नाही. निवृत्त लोक आजही १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात तो यासाठी. पण तो खटला सरकारी निवृत्तांचा. खासगीत पेन्शनच नव्हती, तर भेद कशात करणार?

आमची पेन्शन आली २९ ऑक्टोबर १९९३ च्या करारानं, आणि नियम निघाले १९९५ मध्ये. ती कशी चालते ते नीट सांगतो, कारण माझा पुण्यात खासगी कंपनीत असलेला मुलगाही मला एकदा म्हणाला, "बाबा, तुमची पेन्शन आमच्या टॅक्समधून जाते ना?" नाही रे बाबा. बँक आमच्या पीएफमध्ये जो स्वतःचा हिस्सा भरायची, तो आम्ही सोडला. त्याचा फंड झाला, बँकेनं त्यात लागेल तशी भर घातली, आणि त्यातून पेन्शन. शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या निम्मी, तेहेतीस वर्षं नोकरी झाली असेल तर पूर्ण. सरकारी तिजोरीतून महिन्याचा चेक येत नाही. आता बँका सरकारी मालकीच्या आहेत, त्या बुडायला आल्या की सरकार भांडवल घालतं, तेव्हा मुलाचं म्हणणं अगदीच हवेत नाही. पण हिशेब वेगळा आहे, एवढंच.

ती पेन्शनही सगळ्यांनी घेतली नाही. विकल्प द्यायचा होता. नियमात एक कलम असं होतं की संपावर गेलात तर आधीची नोकरी पेन्शनसाठी बाद होऊ शकते. संघटनावाले चवताळले. "घेऊ नका," म्हणून सांगत फिरले. शिवाय पीएफवर तेव्हा बारा टक्के व्याज. कॉमर्सवाले हिशेब मांडून बसले: एवढी रक्कम, एवढं व्याज, पेन्शनपेक्षा जास्त! मी घेतली, मामांचं तोंड आठवून. ज्यांनी नाही घेतली त्यांनी पुढे व्याजदर कोसळताना पाहिले. त्यांना दुसरी संधी मिळायला २७ एप्रिल २०१० चा करार उजाडावा लागला, आणि त्यासाठी पदरचे पैसे परत भरावे लागले. मधल्या काळात काही जण गेले.

एक गोष्ट मात्र कधी विसरू नये. १९९३ च्या करारात आमची तारीख मागे सरकवली. १ जानेवारी १९८६ नंतर निवृत्त झालेले सगळे पेन्शनमध्ये आले. म्हणजे जे सात-सात वर्षांपूर्वी घरी बसले होते तेसुद्धा.

आता हुकुमचंद मिल. डिसेंबर १९९१ मध्ये भोंगा बंद झाला. सरकारी कागदात १९९२ म्हणतात. सुमारे सहा हजार कामगार घरी. पेन्शन योजना, जिला आपण ईपीएस म्हणतो, ती आली १६ नोव्हेंबर १९९५ ला. म्हणजे मिल बंद झाली तेव्हा ती जन्मालाच आली नव्हती. यांच्यासाठी कुणी तारीख मागे सरकवली नाही.

आणि हे बघा. मालवा मिल, स्वदेशी आणि कल्याणमल, याही आजारी होत्या. पण त्या १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. तेच कापड, तेच माग, तोच घाम. त्याही शेवटी चालल्या नाहीत. पण बंद करताना, २००२ नंतर, तिथल्या कामगाराला स्वेच्छानिवृत्तीचे पैसे देऊन घरी पाठवलं. फार मोठी रक्कम नव्हती, पण हातात दिली आणि मग दार लावलं. हुकुमचंदचा कामगार दार लागलेलं बघून घरी आला. एका घरात दोन भाऊ, एक मालवा मिलमध्ये आणि एक हुकुमचंदमध्ये, अशी उदाहरणं परदेशीपुऱ्यात होती. मी त्या भागातल्या शाखेत होतो तेव्हा यातल्या धाकट्यानं मला काउंटरवर विचारलं होतं, "साहेब, भाई और मैं एकही भोंगे पे जाते थे. वो सरकारी कब हुआ, मैं कब नहीं हुआ?" मी पासबुक भरून दिलं. उत्तर काय देणार?

यात आम्ही बँकवाले नुसते बघे नव्हतो, हेही लिहायला हवं. मिलला कर्ज बँकांनी आणि वित्तीय संस्थांनी दिलेलं होतं. कंपनी अवसायनात गेली की मालमत्ता विकून देणी भागवायची. १९८५ च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात एक चांगलं कलम घातलं: कामगारांचं देणं आणि तारण असलेल्या बँकेचं देणं यांना बरोबरीचा मान. त्याआधी कामगार फार मागे असायचा. पण बरोबरीचा मान म्हणजे त्याच विहिरीवर दोन बादल्या. बँकेच्या बादलीला वकील होते, फाइल होती, आणि बँकेला घाई नव्हती. ताळेबंदात ते कर्ज बुडीत म्हणून केव्हाच तरतूद झालेलं. कामगाराच्या ताळेबंदात तरतूद कोण करणार? त्यात जमीन कुणाची, राज्य सरकारची की नगर निगमची, यावर वर्षं गेली. शहराच्या मधोमध साधारण ४२ एकर. विकायला काढली तरी घेणारा मिळेना.

या काळात कामगार दर रविवारी मिलच्या गेटवर जमत. तीस वर्षांहून जास्त. कुणी सिक्युरिटी गार्ड झालेला, कुणी ठेला लावलेला, कुणी मुलाच्या जिवावर. पण रविवारी गेटवर. अनंत चतुर्दशीची झांकी त्यांनी वर्गणी काढून चालू ठेवली. मिल नाही, पगार नाही, आणि झांकीवर "हुकुमचंद मिल" लिहिलेलं! बाहेरगावचे लोक विचारायचे, ही मिल कुठे आहे?

२००७ साली हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठानं कामगारांचं देणं २२९ कोटी ठरवलं. त्यातला काही हप्ता मधल्या वर्षांत मिळाला, बाकी अडकलं. शेवटी गृहनिर्माण मंडळानं आणि निगमनं जमिनीचा तोडगा काढला, आणि २५ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते, ते दूरदृश्य प्रणालीवर, २२४ कोटींचा चेक अवसायक आणि संघटनांच्या हाती आला. लाभार्थी सुमारे ४,८००. मी सवयीनं कागद घेतला. २२४ कोटी भागिले ४,८००: माणशी पावणेपाच लाखांहून थोडे कमी. बत्तीस वर्षांनी. आठ टक्क्यांनं ठेवलेला पैसा सोळा वर्षांत जवळजवळ साडेतीनपट होतो, हे आम्ही ग्राहकांना रोज सांगायचो. २००७ च्या आकड्याला ते कुणी लावलं असतं तर? जाऊ द्या. तोवर दोन हजारांहून जास्त कामगार वारलेले होते, त्यांचे पैसे वारसांना. आणि वारस म्हणजे पुन्हा कागद. मिलच्या रजिस्टरात "बाबूलाल", आधारवर "बाबुलाल". वारसदाखला, मृत्यूचा दाखला, शपथपत्र. निवृत्त बँकवाल्याला एवढंच तर येतं, म्हणून माझ्या ओट्यावर त्या हिवाळ्यात रांग लागायची.

ईपीएसचंही सांगून टाकतो. खासगीतला माणूस जो पेन्शनर म्हणवतो तो याच योजनेतला. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के त्यात जातात, पण पगाराची मर्यादा सध्या १५,००० धरून. सूत्र सोपं: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पंधरा हजारावर पस्तीस वर्षं नोकरी केलीत, तर ७,५००. पण पूर्वी मर्यादा ६,५०० होती, त्याआधी ५,०००. त्यामुळे पीथमपूरच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माझा वर्गमित्र आज दोन हजारांच्या आत पेन्शन घेतो. महागाई भत्ता शून्य. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान १,००० केली, ती आजही तीच, दहा वर्षं उलटून गेली तरी. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याची किमान पेन्शन २०१६ पासून ९,०००, वर महागाई. आपल्या महाराष्ट्रात बुलढाण्याला हे ईपीएसवाले २०१८ च्या डिसेंबरपासून साखळी उपोषणाला बसले, मागणी ७,५०० आणि महागाई भत्त्याची. बुलढाण्याचं नाव आपण एरवी किती वेळा ऐकतो?

कुणी म्हणेल, खासगीत पगार जास्त असतो, पेन्शन कमी असली तर काय झालं. हे वरच्या माणसाबद्दल खरं आहे. खालच्याबद्दल उलट आहे. सातव्या वेतन आयोगानं अहमदाबादच्या आयआयएमकडून अभ्यास करून घेतला होता. सरकारातल्या सर्वांत खालच्या मदतनिसाला सगळं धरून २२,५७९ रुपये, आणि पाहणीतल्या खासगी ठिकाणी तशाच कामाला ८,००० ते ९,५००. रघुराम राजन गव्हर्नर असताना २०१६ मध्ये सरकारी बँकांबद्दल हेच म्हणाले होते, की खाली जास्त देतात आणि वर कमी. आमच्या असोसिएशनमध्ये तेव्हा त्यांना फार शिव्या पडल्या. मला स्वतःला वाटतं, निदान सरकारी ठिकाणी खालचा माणूस जगेल एवढं देतात, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? बाकीचे का देत नाहीत, ते विचारा.

आमची गाऱ्हाणीही आहेत, नाही असं नाही. बँकेची पेन्शन निवृत्त झालात त्या दिवशीच्या पगारावर गोठते. सरकारी निवृत्ताची पेन्शन नव्या वेतन आयोगाबरोबर वर सरकते, आमची सरकत नाही. २००१ ला निवृत्त झालेला सिनियर मॅनेजर आज नुकत्याच निवृत्त झालेल्या कारकुनापेक्षा कमी घेतो. नोव्हेंबर २००२ आधीच्या लोकांना महागाई भत्ताही उतरत्या दरानं होता, तो पेच २०२३ साली सुटला. विधवांच्या कुटुंब पेन्शनला ९,२८४ ची कमाल मर्यादा होती, ती २०२१ मध्ये उठली. रिझर्व्ह बँकेच्या निवृत्तांना २०१९ ला सुधारणा मिळाली, आम्हाला २०२४ च्या करारात दरमहा सानुग्रह रक्कम. नकारा निकालानंतर चाळीसहून जास्त वर्षं झाली, आणि तारखेवरून भेद चालूच आहे. मी या मागणीच्या सभांना जातो, जाणार.

पण त्या सभेत जेव्हा कुणी म्हणतं, "आम्ही परीक्षा देऊन लागलो, आमची बरोबरी त्यांच्याशी कशाला?" तेव्हा माझं टाळकं सरकतं. मीही परीक्षा दिली. हुकुमचंदच्या विणकरानं नाही दिली. पण त्याचा पगार बंद झाला तो काही परीक्षेत नापास झाल्यामुळे नाही. आणि आपल्याच घरात बघा. १ एप्रिल २०१० नंतर बँकेत लागलेल्यांना ही पेन्शन नाही, एनपीएस आहे, बाजारावर चालणारी. मी निवृत्त झालो त्याच वर्षी आमच्या शाखेत एक मुलगी लागली. माझंच काउंटर, माझाच शिक्का तिनं घेतला. तिनं परीक्षा माझ्यापेक्षा कितीतरी अवघड दिली होती. मध्य प्रदेश सरकारात हीच रेघ १ जानेवारी २००५ ची, महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ ची. म्हणून तर मार्च २०२३ ला महाराष्ट्रात लाखो कर्मचारी "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत संपावर गेले. केंद्रानं मग एप्रिल २०२५ पासून यूपीएस आणली, पंचवीस वर्षांच्या नोकरीला निम्म्या पगाराची हमी. त्यात किमान रक्कम आहे १०,०००, दहा वर्षांच्या नोकरीवर. माझ्या पीथमपूरच्या मित्राला मी हे वाचून दाखवलं. त्यानं दोनदा विचारलं, "दहा वर्षांवर?"

दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला आम्ही दोघं एकत्रच जातो, माझ्या स्कूटरवर. माझ्यासाठी शाखेत खुर्ची निघते, जुने साहेब म्हणून. त्याचा अंगठा मशीनवर उमटत नाही, हातांच्या रेषा कारखान्यात झिजल्यात, दोन-तीनदा परत यावं लागतं. मागच्या वर्षी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं. एका फटक्यात! परत येताना ५६ दुकानला पोहे खाल्ले, पैसे त्यानं दिले, मला देऊ देत नाही.

आता एक विनंती. हे सगळं मी आठवणीतून आणि माझ्या जुन्या फायलींतून लिहिलंय. तुमच्याकडे घरी होळकर दरबारच्या पेन्शनचा एखादा कागद, मिलचा पगाराचा कागद, हजेरीचा पास, पीएफची जुनी पावती असेल तर फोटो टाका. विशेषतः १९६० ते ७५ मधला मिलचा पगार आणि त्याच वर्षीचा मास्तरांचा पगार, दोन्ही शेजारी ठेवून बघायचेत. फोटो काढताना कागद उन्हात धरू नका, शाई उडते.